शाळेतले भाषामंडळ : दाखवणे आणि विचारणे

तालुक्याच्या गावी, हायस्कूलच्या फाटकासमोर माझे वह्या-पुस्तकांचे दुकान आहे. गेली २७ वर्षे मी ते चालवतो. शाळेत कोणता उपक्रम येऊ घातला आहे हे मला सूचनाफलकाच्या आधी कळते, कारण त्याचे सामान माझ्याच दुकानातून जाते. काही वर्षांपूर्वी एका डिसेंबरात मुले येऊन विचारू लागली, "काका, ओडिशाचा तक्ता आहे का?" मी धुळ्याहून पन्नास तक्ते मागवले. कोणार्कचे चाक, जगन्नाथाचा रथ, ओडिसी नर्तिका, चिलिका सरोवर अशी बारा चित्रे एका कागदावर. कापायची आणि वहीत चिकटवायची. दोन दिवसांत सगळे तक्ते खपले.

कार्यक्रमाला मलाही बोलावणे होते. मुलींनी ध्वनिफितीवर नृत्य केले, आठवीच्या मुलांनी ओडिया भाषेतली पाच वाक्ये एका सुरात म्हटली, टाळ्या झाल्या. त्याच वेळी शेजारच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीचे काम चालू होते. पाइप ठोकल्याचा आवाज पाहुण्यांच्या भाषणात येऊ लागला तेव्हा शिपायाला पाठवून ते काम थांबवण्यात आले. संध्याकाळी तोच प्लंबर माझ्याकडे पेन्सिल घ्यायला आला. तीन महिने तो दुकानात येत होता. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्याला गाव विचारले. "केंद्रापाडा," तो म्हणाला. म्हणजे ओडिशा. मी म्हटले, "अरे, मग दुपारी तुमच्याच भाषेचा कार्यक्रम होता, ऐकला ना?" तो गोंधळला. "उड़िया था वो? मेरे को लगा मंत्र चालू है."

देशभरातल्या नळकामात केंद्रापाडा जिल्ह्यातली, विशेषतः पट्टामुंडाई भागातली माणसे मोठ्या संख्येने आहेत, हे मी नंतर वाचले. पण त्या संध्याकाळी मला एवढेच कळले की शाळेने ओडिशाचा दिवस साजरा केला आणि गावातल्या एकुलत्या एका ओडिया माणसाला ठोकणे बंद करायला सांगितले. शाळेला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. पन्नास तक्ते मीच विकले होते.

मी विद्यापीठातला अभ्यासक नाही. बी.ए.चे दुसरे वर्ष अर्धवट टाकून गल्ल्यावर बसलो. जे काही वाचले ते दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात. पण त्या दिवसापासून एक प्रश्न मागे लागला : शाळेतल्या भाषामंडळाने मुलांच्या हाती नक्की काय द्यायचे असते? त्या प्रश्नामागे जात मी जे वाचले, पाहिले आणि थोडेफार करून बघितले, ते येथे मांडतो.

वाङ्मय मंडळ : एक जुनी वहिवाट

भाषेसाठी मंडळ काढणे मराठी शाळांना नवे नाही. 'वाङ्मय मंडळ' हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेतच ऐकलेला असतो. जून-जुलैत उद्घाटन, एखादा स्थानिक कवी पाहुणा, मग वक्तृत्व, काव्यवाचन, निबंध, पावसाळ्यातल्या एखाद्या मोकळ्या तासाला भेंड्या. व्हरांड्यातल्या काचेच्या पेटीत भित्तिपत्रक. आणि वर्षाअखेरीस हस्तलिखित : सुवाच्य अक्षराची चार मुले निवडायची, चित्रकलेच्या सरांकडून मुखपृष्ठ घ्यायचे, कापडी बांधणी करायची. त्याची प्रत एकच. स्नेहसंमेलनात ती टेबलावर मांडली जाते आणि नंतर कपाटात जाते.

या सगळ्या उपक्रमांकडे पाहताना मला एक भेद उपयोगी वाटतो. काही उपक्रमांत मूल भाषा दाखवते, काहींत ते भाषा विचारते. पाठ केलेले भाषण, सजवलेला फलक, पोशाख, थाळी हे दाखवणे. कुणाकडे तरी जाऊन 'याला तुम्ही काय म्हणता?' असे म्हणणे हे विचारणे. दाखवण्यात वाईट काही नाही. पण दाखवणाऱ्या मुलाला जे आधीच हाती दिले गेले आहे तेच ते पुढे करते. विचारणाऱ्या मुलासमोर त्याच्यापेक्षा अधिक जाणणारा माणूस असतो, आणि बहुधा तो माणूस शाळेबाहेरचा असतो.

दाखवण्याच्या बाजूचा माझा एक अनुभव आहे. आठवीत असताना एका वक्तृत्व स्पर्धेत मी 'आई' या विषयावर बोललो. भाषण सरांनी लिहून दिले होते. मध्येच एक ओळ विसरलो आणि घाबरून तोंडून निघून गेले, "मन्ही माय". आमच्या घरची बोली अहिराणी. सभागृह हसले. परीक्षकांनी शेरा लिहिला की उमेदवाराने बोली घरी ठेवून यावे. मी ते फार मनावर घेतले. किती, ते शेवटी सांगतो.

अमळनेरचे छात्रालय

आमच्याच खानदेशात या प्रश्नाचे एक वेगळे उत्तर शंभरेक वर्षांपूर्वी दिले गेले होते, हे मला फार उशिरा समजले. साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि पुढे छात्रालयाचे काम त्यांच्याकडे आले. तिथे त्यांनी 'छात्रालय दैनिक' नावाचे हस्तलिखित पत्र चालवले. १९२८ मध्ये 'विद्यार्थी' हे मासिक काढले. १९३० साली सत्याग्रहात उतरण्यासाठी त्यांनी नोकरी सोडली. म्हणजे हा सारा उद्योग अवघ्या सहा वर्षांतला.

यातल्या 'दैनिक' या शब्दाशी मी बराच काळ थांबलो. वार्षिक हस्तलिखिताला मजकूर मागवता येतो, रोजच्या पत्राला तो शोधावा लागतो. रोज काहीतरी लिहायचे म्हणजे रोज कान उघडे ठेवायचे. कोण काय बोलले, कुठला नवा शब्द आला, बाहेर काय घडले. एका प्रतीचे वार्षिक शोभेचे होऊ शकते, एका प्रतीचे दैनिक शोभेचे होऊच शकत नाही. दुसऱ्या दिवशी ते शिळे होते.

पुढचा धागा तुरुंगातला आहे. गुरुजींना तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात ठेवले गेले. तिथे दक्षिणेतले राजबंदी सोबतीला होते. शेजारी बसलेल्या माणसाची भाषा आपल्याला येत नाही, त्याच्या साहित्यातले आपल्याला काही ठाऊक नाही, याची जाणीव तिथे तीव्र झाली. गुरुजी तमिळ शिकले, 'तिरुक्कुरळ' हा १३३० द्विपदींचा ग्रंथ त्यांनी मराठीत आणला. प्रांताप्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात ही 'आंतरभारती'ची कल्पना त्यांनी १९४९ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात मांडली. पुढच्याच वर्षी, ११ जून १९५० रोजी, ते गेले.

याच माणसाने घरोघरच्या बायकांच्या तोंडच्या ओव्या गोळा करून 'स्त्रीजीवन' हा दोन भागांचा संग्रह केला. मला ही दोन कामे एकच वाटतात. तमिळ राजबंद्याला त्याची भाषा विचारणे आणि दळणाऱ्या बाईला तिची ओवी विचारणे. दोन्ही ठिकाणी शिकलेला माणूस विद्यार्थी झाला आहे.

आजची मंडळे

'एक भारत श्रेष्ठ भारत' हा उपक्रम ३१ ऑक्टोबर २०१५ रोजी जाहीर झाला. त्यात राज्यांच्या जोड्या लावल्या गेल्या. महाराष्ट्राच्या जोडीला ओडिशा आला. शाळांमध्ये या नावाची मंडळे निघाली : एक शिक्षक प्रमुख, काही विद्यार्थी प्रतिनिधी, आणि जोडीदार राज्याची वर्णमाला, गाणी, म्हणी, खाद्यपदार्थ, पोशाख यांवरचे उपक्रम. २०१८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात 'भाषा संगम' आला. आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांतली साधी वाक्ये मुलांच्या कानांवर पडावीत, हा त्याचा हेतू. माझ्या गिऱ्हाइकांना ओडिशाचा तक्ता का हवा होता, त्याचे हे उत्तर.

कल्पना आंतरभारतीच्या जवळची आहे आणि मला ती मनापासून आवडते. अडचण तिच्या अंमलात आहे. उपक्रमाचा पुरावा म्हणून छायाचित्र पाठवायचे असते. छायाचित्रात नृत्य दिसते, थाळी दिसते, फलक दिसतो. विचारलेला प्रश्न दिसत नाही. त्यामुळे सगळा भार आपोआप दाखवण्याकडे झुकतो. शिक्षकांची यात चूक नाही. त्यांच्या डोक्यावर अभ्यासक्रम आहे, सर्वेक्षणे आहेत, आणि दर आठवड्याला नवे परिपत्रक आहे.

आम्ही काय करून बघितले

त्या डिसेंबरानंतर शाळेतल्या मराठीच्या एका बाईंशी मी बोललो. त्यांनी शनिवारचा एक तास दिला. दोन वर्षे आम्ही तो चालवला. नियम एकच ठेवला : तक्ता विकत आणायचा नाही. माझ्या धंद्याच्या विरुद्ध असला तरी तो नियम माझाच होता.

पहिला प्रयोग त्या प्लंबरवरच झाला. मुलांनी पाठ केलेल्या पाच वाक्यांत 'आपणंकर नाम कण?' हे एक होते, 'आपले नाव काय?' या अर्थाचे. त्यांनी त्याला दुकानासमोर गाठले आणि तेच विचारले. तो आधी हसला, मग सावरून उभा राहिला आणि नाव सांगितले. मुलांना वाटले आपले काही चुकले. त्याने समजावले की चुकले नाही, पण त्याच्याशी असे कुणी बोलत नाही. ओडियातही मराठीसारख्याच तीन पायऱ्या आहेत : तू, तुमे, आपण. त्याला गावात सगळे 'ए' म्हणत. मुलांनी त्याला 'आपण' म्हटले होते. आदरार्थी सर्वनाम म्हणजे काय, हे व्याकरणाच्या तासाला मुलांना कितीदा सांगितले असेल. त्या दिवशी ते कुणाला द्यायचे आणि कुणाला नाकारले जाते, हे त्यांनी पाहिले.

मग तो दर शनिवारी अर्धा तास येऊ लागला. मुलांनी शब्द विचारले आणि एक गंमत हाती लागली. ओडियात 'ळ' आहे. हिंदीत नाही, बंगालीत नाही, मराठीत आहे आणि ओडियात आहे. फळ, जळ हे त्याचेही शब्द. आपला 'काळा' तो त्याचा 'कळा'. फरक एवढाच की शेवटचा अकार आपण गिळतो, ओडिया माणूस तो स्पष्ट उच्चारतो आणि त्याचा उच्चार ओकाराकडे झुकतो. पाण्यात भिजवून आंबवलेल्या भाताला तिकडे 'पखाळ' म्हणतात. 'पखाळणे' म्हणजे धुणे, हा आपल्या जुन्या मराठीतला शब्द, संस्कृतातल्या प्रक्षालनाशी नाते सांगणारा. आठवीच्या एका मुलाने घरी आजीला विचारले तर ती म्हणाली, आम्ही पाय पखाळायचो की! तक्त्यावर पखाळभाताचे चित्र असते. शब्दाचे गोत त्यावर नसते.

दुसरा प्रयोग लिपीचा. ओडिया अक्षरे वरून गोल का, याचे सर्वसाधारणपणे दिले जाणारे कारण असे की ती ताडपत्रावर लोखंडी लेखणीने कोरली जात. पानाच्या धाग्याच्या दिशेने सरळ आडवी रेघ ओढली तर पान चिरते, गोलाई ते सांभाळून घेते. हे सांगण्यापेक्षा करून बघावे असे ठरले. आमच्याकडे ताडपत्र कुठले! पण केळीची पाने हवी तेवढी. पानाचा तुकडा असा धरला की शिरा आडव्या येतील, आणि कंपासपेटीतल्या कर्कटकाच्या टोकाने मुलांनी आपापले नाव देवनागरीत कोरले. अक्षरे बरी उठली. शिरोरेघ देताच पान शिरेवरून फाटत गेले. मग तेच नाव प्लंबरकडून ओडियात लिहून घेतले आणि कोरले. ते टिकले. लिपी ही कुणा पंडिताने ठरवलेली नक्षी नसून हातातल्या पानाशी केलेली तडजोड असू शकते, हे पाऊण तासात समजले.

तिसरा प्रयोग घराकडे वळला. एक वस्तू घ्यायची आणि तिचे सगळे शब्द गोळा करायचे. आम्ही जाते घेतले. खुंटा सगळ्यांना ठाऊक होता. जात्याला टाकी लावणे म्हणजे घासून गुळगुळीत झालेला दगड पुन्हा टोचून खरखरीत करणे, हे थोड्यांना. जात्याच्या तोंडात घातल्या जाणाऱ्या मूठभर धान्याला वैरण म्हणतात, हे एकालाही नाही. वैरण म्हणजे गुरांचा चारा एवढेच त्यांना माहीत. ओवी मिळवायला आम्ही एका मुलीच्या आजीकडे गेलो. त्यांना खुर्चीवर बसवले, समोर मोबाइल ठेवला. दोन ओव्या म्हणून त्या थांबल्या. म्हणाल्या, "हात रिकामे असले की गाणं येत नाही." मग गोठ्यातले जाते बाहेर काढले, धुतले, शेजारीण दुसऱ्या बाजूने खुंट्याला बसली आणि पायलीभर ज्वारी दळून होईस्तोवर ओव्या थांबल्या नाहीत. ध्वनिमुद्रणात दगडाची घरघर फार आली म्हणून मी आधी हळहळलो. पुढे पुन्हा पुन्हा ऐकताना ध्यानात आले की ओळ कुठे ओढायची, श्वास कुठे घ्यायचा हे ती घरघरच ठरवते आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सुरू केलेल्या कामातून महाराष्ट्रातल्या एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या आहेत. आमच्या वहीत तेवीसच. पण त्या मुलींनी स्वतः उतरवून घेतल्या आहेत.

वहीबद्दल दोन शब्द, कारण कुणाला असे मंडळ चालवायचे असेल तर ती उपयोगी पडेल. दोनशे पानी साधी वही, पाच रकाने : शब्द किंवा ओळ, सांगणाऱ्याचे नाव, गाव, कोणत्या कामात किंवा प्रसंगी ऐकला, आणि लिहिणाऱ्याची सही. सांगणाऱ्याचे नाव या रकान्याशिवाय नोंद धरायची नाही. या एका अटीने मुलांना उठून कुणाकडे तरी जावेच लागते. शिवाय वही पुढच्या वर्षीच्या मुलांना पुढे नेता येते. ती कपाटात जात नाही.

याच वहीने शेवटी वर्गातल्या भाषा वर काढल्या. 'मुलगा' आणि 'मुलगी' यांना घरी काय म्हणतात, असे विचारले तेव्हा अर्ध्याहून अधिक मुलांनी आधी इकडेतिकडे पाहिले आणि मग लिहिले : आंडोर, आंडेर. अहिराणीत 'आहे' ला 'शे' म्हणतात, गुजरातीत 'छे'. ग्रिअर्सनने आपल्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०७ सालच्या खंडात खानदेशीला भिल्ल भाषांच्या सोबत का बसवले असेल, याची चर्चा त्या निमित्ताने आठवीच्या वर्गात झाली. वसतिगृहातला एक पावरा मुलगा वर्षभर मागच्या बाकावर गप्प बसलेला असे. पावरी येणारा तो एकटाच. त्या रकान्यासाठी सगळ्या वर्गाला त्याच्याकडे जाणे भाग पडले. तो बोलका झाला असे मी म्हणणार नाही. पण नोंद चुकली की तो पुढे येऊन ती खोडू लागला.

जे जमले नाही

तिसऱ्या वर्षी त्या बाईंची बदली झाली. प्लंबर त्याआधीच सुरतेकडे गेला. मंडळ आता पुन्हा डिसेंबरापुरते आहे. एका शिक्षकाच्या आवडीवर उभे राहिलेले मंडळ त्याच्याबरोबर जाते, हा मोठा दोष आहे आणि त्यावर माझ्याकडे उपाय नाही. वही मात्र शाळेत आहे, दुसरी सुरू झाली आहे, हे मुलेच येऊन सांगतात. आणखी एक कबुली : काही घरांतून तक्रार आली होती. मुलाला शुद्ध मराठी आणि इंग्रजी यावे म्हणून शाळेत घातले, तुम्ही त्याला पुन्हा अहिराणीकडे का नेता? या पालकांना मी उत्तर देऊ शकलो नाही, कारण त्यांचे भय मला आतून ओळखीचे होते.

ते कसे, ते सांगून थांबतो. २००१ च्या जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा सांगणारे वीस लाखांहून थोडे अधिक होते. २०११ मध्ये ते साडेअठरा लाखांच्या आसपास आले. दहा वर्षांत लोकसंख्या वाढली आणि हा आकडा घटला. ही माणसे कुठे गेली? सगळी काही मेली नाहीत. २०११ च्या फेब्रुवारीत प्रगणक आमच्या ओट्यावर बसून विचारत होते, मातृभाषा कोणती? आई शेजारच्या खाटेवर बसली होती. तिला अहिराणीखेरीज दुसरी भाषा धड बोलता येत नव्हती. मी सगळ्या घराच्या वतीने सांगितले, "मराठी." आईने माझ्याकडे पाहिले, काही बोलली नाही. पुढच्या वर्षी ती गेली. तिला आखाजीची गाणी येत, झोक्यावरची, गौराईची. किती येत हे मला सांगता येणार नाही, कारण मी कधी विचारले नाही.

मंडळाच्या पहिल्या वहीत पहिल्या पानावर मुलांनी मलाही एक नोंद द्यायला लावली. शब्द : माय. सांगणाऱ्याचे नाव या रकान्यात मी आईचे नाव लिहिले. मुलांनी हरकत घेतली. ज्याने प्रत्यक्ष सांगितले त्याचेच नाव लिहायचे, असा तुमचाच नियम आहे, काका. मी ते खोडले आणि माझे लिहिले.